मोटरहोमच्या ऑनिंगची शिवण उसवते आहे, कापड मात्र शाबूत आहे: काय करावे?

प्रश्न : अंबाजोगाईकर

सर्वांना नमस्कार. चार वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी मिनीबस विकत घेऊन ती मुक्कामाला सोयीची करून घेतली आणि तिच्या डाव्या बाजूला, दाराच्या वर, एका मोडीत निघालेल्या मोटरहोमचे (राहण्याची सोय असलेल्या गाडीचे) गुंडाळते ऑनिंग, म्हणजे सावलीसाठी बाहेर ओढायचे कापडी छत, बसवले. ते साडेतीन मीटर लांब असून अडीच मीटर बाहेर येते. कापड तीन पन्हे जोडून केलेले आहे; म्हणजे गाडीच्या भिंतीपासून, ज्यावर कापड गुंडाळले जाते त्या पुढच्या रुळापर्यंत जाणाऱ्या दोन जोडशिवणी आहेत आणि प्रत्येक शिवणीवर टिपेच्या दोन रांगा आहेत. तुळजापूर, नळदुर्ग, औंढा, पैठण अशा आमच्या फेऱ्या चालू असतात. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नाही, आणि तेव्हा ऑनिंगची ही सावली म्हणजेच आमची ओसरी असते.

गेल्या उन्हाळ्यात नाथसागराच्या काठी मुक्काम असताना संध्याकाळी वळिवाचे वारे सुटले. ऑनिंग गुंडाळण्यासाठी मी आणि पत्नी उठेपर्यंत खालून एक झोत आला, कापड वर फुगले आणि पाठोपाठ टरटर आवाज झाला. मागच्या चाकाकडची जोडशिवण हातभर उसवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात नीट पाहिले, तेव्हा कापड कोठेही फाटलेले दिसले नाही. फक्त दोरा तुटलेला होता. शाबूत दिसणाऱ्या टिपेवरून नख फिरवले, तर तेथील दोराही भुगा होऊन बोटाला लागला.

गावातील मंडपाचे कापड शिवणाऱ्या कारागिरांना विचारले. उसवलेल्या भागावर नायलॉनच्या दोऱ्याने एक टीप मारून देतो, अर्ध्या तासाचे काम आहे, असे ते म्हणाले. एका परिचितांनी शिवण्याच्या भानगडीत न पडता चिकटद्रव्य लावण्याचा सल्ला दिला. मला दोन्हींबाबत खात्री वाटत नाही. केवळ उसवलेला भाग शिवावा की दोन्ही शिवणी पूर्ण शिवून घ्याव्यात? दोरा कोणता वापरावा? घरच्या शिलाई मशीनवर किंवा दाभणाने हाताने हे काम टिकाऊ होईल का? ज्यांनी स्वतः असे काम केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : गोदाकाठ, नांदेड

शिवणीविषयी बोलण्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात. पहिली म्हणजे कापड कोणते आहे. ऑनिंगसाठी साधारणपणे दोन प्रकारचे कापड वापरतात. एक विणलेले अ‍ॅक्रिलिक, ज्याचा रंग दोन्ही बाजूंनी सारखा असतो, हाताला ते कापडासारखे लागते आणि तोंड लावून जोरात फुंकर मारली तर थोडी हवा पलीकडे जाते. दुसरे व्हिनाइल, म्हणजे आत पॉलिएस्टरची जाळी आणि तिच्यावर पीव्हीसीचा थर. ते गुळगुळीत असते आणि त्यातून हवा अजिबात जात नाही. या दोहोंची दुरुस्ती एकसारखी होत नाही.

दुसरे असे की शिवण नेमकी कोठे उसवली, भिंतीजवळ की पुढच्या रुळाजवळ? ऑनिंग गुंडाळल्यावर त्याच्यावर पेटी किंवा आवरण आहे का? एक गोष्ट आणखी विचारतो : ते धुताना तुम्ही काय वापरले होते?

अंबाजोगाईकर

आपण विचारलेल्या गोष्टी आज सकाळी तपासल्या. रंग दोन्हीकडे सारखा आहे आणि फुंकर पलीकडे जाते, त्यामुळे कापड अ‍ॅक्रिलिक असावे. शिवण गाडीच्या भिंतीकडून सुरू होऊन पुढे हातभर उसवली आहे. आपल्या प्रश्नानंतरच माझ्या लक्षात आले की भिंतीलगतच्या साधारण दीड वीत पट्ट्यात दोन्ही शिवणींचा दोरा पांढरा पडून पिसासारखा झाला आहे, आणि रुळाकडे जावे तसतसा तो अधिक तपकिरी आणि घट्ट होत जातो. ऑनिंगला पेटी नाही. गुंडाळल्यावर ते उघडेच राहते. धुण्याबाबत सांगायचे तर, मागील वर्षी बुरशीचे काळे ठिपके पडले होते म्हणून आडात टाकण्यासाठी आणलेली ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून मी ते घासले होते.

उत्तर २ : दाभण-दोरा, लातूर

दादा, तुमच्या या उत्तरात बहुतेक निदान आलेले आहे. मी गेली बावीस वर्षे बॅगा, गाड्यांची आवरणे आणि कॅनव्हासच्या ताडपत्र्या शिवते, आणि उन्हात राहणाऱ्या कापडाचा दोरा कापडाच्या आधी मरतो, हे आमच्या धंद्यात रोज दिसते. अ‍ॅक्रिलिकचा धागा मुळातच उन्हाला चिवट असतो आणि ऑनिंगच्या चांगल्या कापडात रंगही धागा तयार होतानाच त्याच्या आतपर्यंत मुरवलेला असतो. शिवणीचा दोरा मात्र कापडाच्या वर उठून बसलेला असतो, त्याला ऊनही लागते आणि गुंडाळताना घासही बसतो. तुमचा रूळ बाहेरच्या टोकाला असल्यामुळे ऑनिंग गुंडाळले की भिंतीकडचा पट्टा सर्वांत वरच्या वेटोळ्यावर येतो. गाडी अंगणात महिनोन्महिने उभी असतानाही तेवढा दीड वीत भाग ऊन खातच असतो. दोरा तेथेच पिसासारखा झाला, याचे कारण हे आहे.

तो जुना दोरा कोणता होता, हे जाळून पाहा. सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास येऊन मऊ राख उरेल. नायलॉन किंवा पॉलिएस्टर असेल तर टोकाला वितळून कडक गोळी होईल. दोरा नायलॉनचा असेल तर तुमच्या ब्लीचिंग पावडरनेही त्याचे नुकसान केले असणार, कारण क्लोरीन नायलॉनला सोसत नाही. बुरशी मुळात अ‍ॅक्रिलिकवर वाढत नसून त्यावर साचलेल्या धुळीवर आणि चिकट मळावर वाढते. साधा साबण, कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरेसे असतात. मुख्य म्हणजे ओले कापड गुंडाळून ठेवू नये.

आता दोऱ्याचे. मंडपवाले बांधव नायलॉन वापरतात, कारण ते ओढायला मजबूत आणि स्वस्त आहे आणि त्यांचे कापड दोन-तीन दिवस उन्हात राहून परत गोदामात जाते. तुमचे कापड उन्हातच राहणार आहे. उन्हात नायलॉन पॉलिएस्टरपेक्षा लवकर ढासळते, म्हणून तुम्ही पॉलिएस्टरचाच, बाहेरच्या वापरासाठी असलेला, लेप दिलेला दोरा घ्यावा. रिळावर टिकट क्रमांक छापलेला असतो. तो जितका मोठा तितका दोरा बारीक. टिकट ४० तुमच्या जोडशिवणींना योग्य आहे. त्यासाठी १८ क्रमांकाची सुई लागते आणि एवढे काम घरचे काळे मशीनही करू शकते. दोरी भरलेल्या जाड कडेसाठी टिकट २० अधिक बरा, पण तो घरच्या मशीनला पेलत नाही. याहून वरचा दोरा पीटीएफईचा असतो, म्हणजे न चिकटणाऱ्या तव्यावर ज्या पदार्थाचा लेप असतो त्याचा. त्याला ऊन काहीच करत नाही आणि तो कापडापेक्षाही जास्त टिकतो. मात्र तो फार महाग आहे आणि अतिशय निसरडा असल्यामुळे त्याची गाठ सुटते. तुमचे कापड आधीच जुने आहे, तेव्हा एवढा खर्च करू नये असे माझे मत आहे.

दोन्ही शिवणी संपूर्ण शिवून घ्या. उसवलेल्या हातभर भागातला दोरा आणि उरलेल्या दोन मीटरमधला दोरा एकाच रिळाचा आणि एकाच वयाचा आहे. तेवढाच भाग शिवला तर पुढच्या वळिवात त्याच्या शेजारचा भाग उसवेल, आणि तेव्हा पुन्हा सगळे उतरवावे लागेल. मात्र जुनी टीप आधी काढू नका. ती कितीही मेलेली असली तरी दोन पदर जागच्या जागी धरून ठेवते. जुन्या रांगेपासून दोन-तीन मिलिमीटर अंतरावर नवी टीप मारा, आणि मग जुन्या दोऱ्याचे लोंबते धागे तेवढे कापा. जेथे शिवण पूर्ण उघडली आहे तेथे पदरावर जुन्या दुमडीची रेघ आणि छिद्रांची ओळ स्पष्ट दिसते. त्या रेघेवर सहा मिलिमीटर रुंदीची दुहेरी चिकटपट्टी लावून दोन्ही पदर बसवा आणि मगच सुईखाली घ्या. सुईला गोंद धरू लागला तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसावी.

टाका चार मिलिमीटरचा ठेवा. बारीक टाका म्हणजे मजबूत शिवण, अशी घरोघरी समजूत आहे. झंपर-परकराला ती लागू पडते, ताणाखाली राहणाऱ्या जाड कापडाला नाही, कारण जवळजवळ पडलेल्या छिद्रांच्या ओळीवरच ते पुढे फाटते. दोन्ही शिवणी एकाच टोकाकडून सुरू करा, नाहीतर पदर उलट-सुलट सरकून कापडाला पीळ पडतो आणि ऑनिंग रुळावर तिरके गुंडाळले जाते. खरी अडचण शिवणे ही नसून कापड सांभाळणे ही आहे. मशीनच्या मानेखालून एक अख्खा पन्हा जावा लागतो, म्हणून तो घट्ट वळकटी करून चिमट्यांनी धरावा, आणि मागे-पुढे एकेक माणूस वजन उचलायला उभा असावा. कापड लोंबले की सुई वाकते.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. बाहेर शिवायला दिलेत तर वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा, दोन्ही तुमच्याच रिळातले भरून घ्या आणि ते डोळ्यांसमोर भरून घ्या. वर चांगला दोरा आणि खाली साधा, अशी शिवण मी कितीतरी वेळा दुरुस्तीला आलेली पाहिली आहे. शिवण दोघांच्या गुंत्यावर उभी असते. खालचा गेला की वरचा नुसता सरळ काढता येतो. दुकान निवडताना सीटकव्हर शिवणारे पाहावे, कारण त्यांच्याकडे कापड वरून आणि खालून दोन्हीकडून ओढणारे मशीन असते आणि त्यावर पदर सरकत नाहीत. दसऱ्याच्या आधी मात्र जाऊ नका. तेव्हा ऊसतोडीला निघणाऱ्या मंडळींच्या आणि सोयाबीनच्या राशी झाकायच्या ताडपत्र्यांची आमच्याकडे रीघ असते, आणि घाईत केलेले काम तुम्हालाही आवडणार नाही.

उत्तर ३ : गंगाखेडचा प्रवासी

ताईंनी शिवणीचे सर्व काही सांगितले आहे; मी फक्त चिकटद्रव्याविषयी लिहितो, कारण तो अनुभव मी पदरचे पैसे घालून घेतलेला आहे. माझे ऑनिंग व्हिनाइलचे होते. एका बाजूची दुमड सुटली, तेव्हा मी प्रथम झटपट चिकटणारा डिंक लावला. तो वाळल्यावर काचेसारखा कडक झाला आणि दोन वेळा गुंडाळताच तडकला. मग चपलांना लावतात ते पिवळे रबरी द्रव्य लावले. ते एप्रिलच्या उन्हात मऊ होऊन दुमड हळूहळू घसरली आणि धूळ बसून तेथे काळा पट्टा तयार झाला. शेवटी कोणीतरी सांगितले म्हणून सिलिकॉन भरले, आणि ही माझी सर्वांत मोठी चूक ठरली, कारण एकदा सिलिकॉन लागलेल्या जागेवर नंतर कोणतेही द्रव्य धरत नाही. पीव्हीसीसाठीच बनवलेले द्रव्य मी आरंभी वापरले असते, किंवा गरम हवेने तो जोड वितळवून घेतला असता, तर काम पहिल्याच दिवशी संपले असते. व्हिनाइलमध्ये सुईचे छिद्र कायमचे राहते, म्हणून त्यावर नवी टीप मारण्यापेक्षा जुन्याच छिद्रांतून हाताने शिवणे हिताचे असते. अ‍ॅक्रिलिकमध्ये सुई बहुतेक वेळा धागे बाजूला सारून जाते, त्यामुळे तुम्हाला ती भीती कमी आहे.

अ‍ॅक्रिलिकला मात्र गरम हवा, इस्त्री किंवा दोऱ्याचे टोक जाळण्यासाठी लायटर यांपैकी काहीही लावू नका; ते आक्रसते आणि ती जागा पुन्हा सपाट होत नाही.

उत्तर ४ : जुना फिटर, उदगीर

ऑनिंग उतरवायला हात घालण्यापूर्वी हे वाचावे, अशी कळकळीची विनंती आहे. ज्या ऑनिंगचा रूळ पुढच्या टोकाला असतो आणि जे स्वतःहून मागे ओढले जाते, त्याच्या रुळात पीळ भरलेली स्प्रिंग असते. रुळाचे टोक बाहूपासून (रूळ पेलणाऱ्या बाजूच्या दांड्यापासून) सुटे केले आणि स्प्रिंग अडवलेली नसली, तर ते टोक हातातून गरगरत सुटते आणि मनगट मोडू शकते. प्रत्येक टोकाला खीळ घालण्यासाठी छिद्र असते. त्यात मजबूत खीळ घालून मगच नट सैल करावेत. पीळ सोडावाच लागला तर पकडीने धरून एकेक फेरा सोडावा आणि फेरे मोजून कागदावर लिहावेत, कारण परत बसवताना तितकेच द्यायचे असतात. हे काम एकट्याने करू नये.

उतरवणे जमणार नसेल तर ऑनिंग जागेवरच शिवता येते. ते अर्धे बाहेर काढावे, एकाने शिडीवर आणि दुसऱ्याने खाली स्टुलावर बसावे आणि एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवाव्यात. प्रत्येक छिद्रातून वरची सुई खाली आणि खालची सुई वर द्यायची, मग दोघांनी एकदम ओढायचे. एक धागा तुटला तरी दुसरा शिवण धरून ठेवतो, हा या टाक्याचा मोठा गुण आहे. दोरा शिवणीच्या चौपट लांबीचा घ्यावा लागतो, म्हणून एका वेळी अर्धा मीटरच शिवावे. चामड्याचे काम करणाऱ्या कारागिरांकडची आरी मिळाली तर आधी छिद्रे पाडून घेता येतात आणि बोटे वाचतात.

आणखी एक सांगतो. शिवण वाऱ्यानेच उसवते असे नाही. ऑनिंग सपाट ठेवले आणि पाऊस आला, तर मध्ये तळे साचते. एक मीटर लांब-रुंद जागेत सरासरी पाच सेंटीमीटर पाणी साचले तरी ते ५० किलो होते, आणि ते सर्व वजन त्या दोन जोडशिवणी आडव्या ताणते. एक बाहू नेहमी दुसऱ्यापेक्षा वीतभर खाली ठेवावा.

अंबाजोगाईकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काम पूर्ण झाले आहे. पुढे कोणाला उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितो.

जुना दोरा जाळून पाहिला, तेव्हा वितळून गोळी झाली. ब्लीचिंग पावडरचा उपयोग यापुढे आडापुरताच राहील. फिटर काकांच्या सांगण्याप्रमाणे दोन्ही टोकांना खिळी घातल्या, पुतण्याला सोबत घेतले आणि पीळ मोजून सोडला. भिंतीकडची दोरी भरलेली कड खाचेतून सरकवताना खूप अडली. खाचेत चार वर्षांची माती घट्ट बसली होती. ती दातांच्या ब्रशने साफ केली आणि मेणबत्ती घासली, तेव्हा कापड अलगद बाहेर आले.

टिकट ४० चा पॉलिएस्टर दोरा घेऊन सीटकव्हरच्या दुकानात गेलो. बॉबिन समोर भरून मागितल्याने कारागीर प्रथम थोडे नाराज झाले, परंतु जुन्या शिवणीचा भुगा त्यांच्या तळहातावर ठेवला तेव्हा त्यांनी स्वतःच भरलेली बॉबिन काढून आमचा दोरा भरला. दोन्ही शिवणींवर नव्या दोन-दोन टिपा मारायला दोन तास लागले, आणि त्यातला निम्म्याहून अधिक वेळ वळकटी सावरण्यात गेला. रुळाकडच्या कडेचा कोपरा चार पदरांचा असल्यामुळे मशीनखाली जाईना. तो घरी आणून मी आणि पत्नीने दोन सुयांनी शिवला. वरून मी सुई घातली की खालून तिचा आवाज यायचा, "आली, ओढा", आणि दोरा घट्ट होताना कापडाचा बारीकसा करकर आवाज यायचा. एवढा वीतभर कोपरा शिवायला दुपार गेली, पण त्या टाक्यावर माझा मशीनच्या टाक्यापेक्षा जास्त विश्वास बसला आहे.

बसवल्यानंतरच्या पहिल्या पावसात नव्या टिपेच्या छिद्रांतून थेंब आले. कापड वाळल्यावर शिवणीवर दोन्ही बाजूंनी मेण घासले. त्यानंतरच्या सरीत एकाच ठिकाणी गळले. भिंतीकडच्या दीड वीत पट्ट्यासाठी जुन्या व्हिनाइलची एक पट्टी शिवून घेतली आहे. ऑनिंग गुंडाळले की ती वरच्या वेटोळ्यावर येते आणि आता ऊन तिच्यावर पडते, शिवणीवर नाही. स्प्रिंगचे मोजलेले फेरे दोन्हीकडे तितकेच दिले. ऑनिंग पूर्वीसारखे सरळ गुंडाळले जाते.

दाभण-दोरा, लातूर

दादा, ज्या एका ठिकाणी अजून गळते, तेथे खालच्या बाजूने बोट फिरवून पाहा. बहुधा टाका सैल राहून दोऱ्याचा फास वर आलेला असेल. तसे असेल तर मेण पुरणार नाही, त्या दोन इंचांवर हाताने पुन्हा दोन सुयांचा टाका घाला.